न्यू इंग्लंडच्या पहिल्या इंग्रज वसाहतकऱ्याचा वंश कसा शोधावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जावई किंवा सून अमेरिकन असली की मराठी घरात कधी ना कधी हा विषय निघतोच. आपल्या बाजूला छापील कुलवृत्तांत असतो, निदान आजोबांच्या अक्षरातली वंशावळ तरी असते. समोरच्या बाजूने बहुधा एवढंच ऐकायला मिळतं, ‘आमचे पूर्वज फार पूर्वी इंग्लंडहून बोटीने आले.’ माझं सासर मॅसॅच्युसेट्सचं, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड या भागातलं. त्या घराण्याची साखळी सतराव्या शतकापर्यंत नेताना जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. नातवंडांसाठी हे काम हाती घेणाऱ्या कुणालाही चाचपडत बसावं लागू नये, एवढीच इच्छा आहे.

सुरुवातीलाच एक नियम मनात पक्का करा. बाप आणि लेक, आई आणि लेक, अशा प्रत्येक दुव्याला स्वतःचा पुरावा हवा. दहा दुव्यांपैकी नऊ पक्के आणि एक अंदाजाचा असेल, तर त्या अंदाजाच्या वरचा सगळा वंश दुसऱ्याच कुणाचा असू शकतो.

हे मार्गदर्शन कुणासाठी

मी न्यू इंग्लंडबद्दल, त्यातही मुख्यतः मॅसॅच्युसेट्सबद्दल लिहिते आहे. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी प्लिमथला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे दगावले. खरा लोंढा त्यानंतरचा. १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याचा ११ जहाजांचा ताफा निघाला आणि १६४० पर्यंत सुमारे २०,००० माणसं इकडे आली. पुढे इंग्लंडात यादवी पेटली, प्युरिटनांना, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये सुधारणा मागणाऱ्या ज्या पंथाचे लोक इकडे येत होते त्यांना, मायदेशातच आशा दिसू लागली आणि ओघ आटला. त्यामुळे जुन्या यांकी, म्हणजे न्यू इंग्लंडमधल्या इंग्रज वंशाच्या, घराण्याचा मूळपुरुष बहुधा याच वीस वर्षांत आलेला असतो. ही माणसं मोजकी होती आणि त्यांच्यावर भरपूर संशोधन झालं आहे, हे आपलं भाग्य.

व्हर्जिनियाचा रस्ता वेगळा आहे. तिथे माणशी ५० एकर देण्याची हेडराइट पद्धत होती, म्हणून जमिनीच्या कागदांत आलेल्यांची नावं मिळतात. १६२४-२५ ची शिरगणतीही शिल्लक आहे, तिच्यात कित्येकांच्या नावापुढे जहाजाचं नाव दिलं आहे. पण अनेक काउंट्यांची (जिल्ह्यांची) दप्तरं अमेरिकन यादवी युद्धात जळाली. आणि तुमचा इंग्रज पूर्वज मुंबई-सुरतेला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असेल, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर गाठा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती तिथे आहेत.

उदाहरणादाखल मी एडमंड राइस हा माणूस घेते. तो १६३८ च्या सुमारास आला, मॅसॅच्युसेट्समधलं सडबरी गाव वसवणाऱ्यांपैकी एक होता आणि १६६३ मध्ये वारला. त्याचे वंशज आज हजारोंनी आहेत.

काय काय जवळ हवं

घरातून:
• शेवटच्या तीन पिढ्यांचे जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले
• कौटुंबिक बायबल (जन्म-मृत्यूच्या नोंदी बहुतेक दोन भागांच्या मधल्या कोऱ्या पानांवर असतात)
• मृत्यूनंतर वर्तमानपत्रात आलेल्या बातम्यांची कात्रणं, जुनी पत्रं, पाठीमागे नावं लिहिलेले फोटो

बाहेरून:
• फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळाचं खातं. हे फुकट आहे आणि मूळ कागदांच्या प्रतिमांसाठी याला तोड नाही.
• अमेरिकन अॅन्सेस्टर्स या संकेतस्थळाची वर्गणी. बॉस्टनमधली १८४५ साली स्थापन झालेली न्यू इंग्लंड वंशेतिहास संस्था ते चालवते. वर्गणी भरण्याआधी गावच्या ग्रंथालयात चौकशी करा, काही ठिकाणी ते तिथल्या संगणकावर वापरता येतं.
• एक तक्ता. त्यात चारच रकाने पुरतात: काय शोधलं, कुठे शोधलं, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, काय मिळालं. ‘काही मिळालं नाही’ हेही लिहायचं.

१. आजपासून मागे चला

मेफ्लॉवरच्या यादीतलं आडनाव घराण्याशी जुळतं, म्हणून तिथून खाली उतरत येण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. सुरुवात सासूबाईंच्या किंवा व्याह्यांच्या जन्मदाखल्यापासून करा.

जनगणना दर दहा वर्षांनी आहे. १८८० पासून घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांचं जन्मस्थळ लिहिलेलं सापडतं. १८५० ते १८७० मध्ये घरातल्या सगळ्यांची नावं आहेत, पण नातं दिलेलं नाही, त्यामुळे एका छपराखालची मुलं त्याच जोडप्याची असं धरून चालू नका. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळपास सगळी गेली. मॅसॅच्युसेट्सने १८४१ पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची राज्यभर नोंदणी सुरू केली, त्यामुळे इथपर्यंतचा प्रवास सोपा आहे.

२. १७८० ते १८५० हा घाट चढणं

सगळ्यात जास्त वंशावळी इथेच अडकतात, सतराव्या शतकात नव्हे. स्वातंत्र्ययुद्धानंतर धाकटे मुलगे जमिनीसाठी व्हरमाँट, मेन, न्यूयॉर्क, ओहायो अशा ठिकाणी गेले. तिथल्या नोंदी विरळ आहेत आणि १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं. या टप्प्याला घाई करू नका. मदतीला पुढचे कागद आहेत.

गावाच्या नोंदी. मॅसॅच्युसेट्समधल्या बहुतेक जुन्या गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी छापल्या गेल्या आहेत. त्या अकारविल्हे लावलेल्या असल्याने सोयीच्या वाटतात, पण मूळ वहीत एका खाली एक लिहिलेली भावंडं त्यात विखुरली जातात. नाव सापडलं की मूळ पानाची प्रतिमा पाहाच.

पेन्शनच्या फायली. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकाच्या विधवेला पेन्शन मिळवण्यासाठी लग्न सिद्ध करावं लागे. त्यासाठी बायकांनी कौटुंबिक बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली. ती पानं आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायलींत आहेत आणि घरबसल्या पाहता येतात.

खरेदीखतं आणि वारशाची कागदपत्रं. माझ्या मते सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच, आणि नवखे लोक नेमका हाच टाळतात, कारण वाचायला कंटाळवाणा असतो. मृत्युपत्र न करता कुणी गेला, तर मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत विधवेला तिसरा हिस्सा मिळे आणि मुलांमध्ये वाटणी होताना थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे. याचा उपयोग असा: एखादा माणूस वडिलोपार्जित शेताचा ‘एक अष्टमांश’ वाटा विकताना दिसला, तर भावंडं सात असण्याची शक्यता मोठी, कारण थोरल्याचे दोन वाटे धरले की आठ होतात. मग उरलेल्या सहांचे विक्रीचे कागद शोधायचे. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव आणि नवं गाव, सगळं एका खतात मिळून जातं. फॅमिलीसर्चवर हे हस्तलिखित कागद आता मजकुरातल्या शब्दावरूनही शोधता येतात, त्यामुळे साक्षीदार म्हणून सही करणारा भाऊही हाती लागतो.

मृत्युपत्रात एखाद्या मुलाचं नाव नसेल, तर तो वारला होता असं ठरवू नका. लग्नाच्या वेळी त्याला जमीन आधीच लिहून दिलेली असू शकते. त्या सालच्या आसपासची वडिलांची खतं उघडून बघा.

३. काउंटी कधी झाली ते पाहा

१६४३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पहिल्या काउंट्या आखल्या तेव्हा त्यांना सफोक, एसेक्स, मिडलसेक्स अशी मायदेशातलीच नावं दिली. कागदात किंवा संगणकावरच्या वंशवृक्षात ‘सफोक’ दिसलं की समुद्राच्या कुठल्या बाजूचं, हे प्रत्येक वेळी तपासा. इंग्लंडमधल्या सफोकात जन्मलेला माणूस बॉस्टनच्या सफोकात जन्मला, अशी गल्लत मी असंख्य वंशवृक्षांत पाहिली आहे.

नवी काउंटी झाली तरी जुने कागद मूळ काउंटीतच राहिले. वूस्टर काउंटी १७३१ मध्ये झाली, तिथल्या गावांचे त्याआधीचे कागद मिडलसेक्स किंवा दुसऱ्या मूळ काउंटीत शोधावे लागतात.

४. तारखा नीट वाचा

१७५२ पर्यंत इंग्लंडात आणि तिच्या वसाहतींत जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालत होती आणि कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे एप्रिल १६४१ मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १६४१ मध्ये मूल, असं दिसलं तर दचकू नका. ते मूल लग्नानंतर दहा महिन्यांनी झालं आहे, आपल्या हिशोबाने तो फेब्रुवारी १६४२ चा. अशी तारीख १६४१/४२ अशी दोन्ही सालांसह लिहायची रीत आहे, तीच पाळा.

प्युरिटन मंडळी महिन्यांची रोमन नावं टाळून आकडे लिहीत. त्यांचा पहिला महिना मार्च, म्हणून ‘दहावा महिना’ म्हणजे डिसेंबर आणि ‘बारावा’ म्हणजे फेब्रुवारी. ‘१२’ दिसल्यावर डिसेंबर लिहून टाकण्याची चूक छापील पुस्तकांतही आहे. १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. आपण मात्र जुन्या तारखा बदलून लिहायच्या नाहीत, कागदात आहे तशीच तारीख उतरवायची.

५. एकाच नावाची माणसं वेगळी करा

एका गावात तीन जॉन आणि दोघांच्या बायका मेरी, हे नेहमीचंच आहे. त्यात मूल वारलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बापलेकच असंही नाही. गावातल्या थोरल्याला सीनियर म्हणत, तो धाकट्याचा काका असेल किंवा काहीच नसेल. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होई.

नात्यांचे शब्दही आजच्या अर्थाने घेऊ नका. सतराव्या शतकातल्या मृत्युपत्रात ‘सन-इन-लॉ’ हा सावत्र मुलगा असू शकतो, ‘मदर-इन-लॉ’ सावत्र आई असू शकते, ‘कझिन’ हा पुतण्या किंवा भाचा असू शकतो. ‘ब्रदर’ हा कधी कधी फक्त त्याच चर्चचा सभासद असतो.

मग माणूस ओळखायचा कसा? जमिनीच्या चतुःसीमा, शेजाऱ्यांची नावं, धंदा आणि सही. लिहिता न येणारा माणूस सहीऐवजी खूण करी, आणि बरेच जण आयुष्यभर एकच खूण वापरत. एकाची अर्धवट इंग्रजी ‘आर’सारखी, दुसऱ्याची आडव्या रेघेवर उभी काडी. दोन जॉनच्या खतांच्या प्रतिमा शेजारी शेजारी उघडल्या की कुणाची जमीन कुणी विकली हे त्या खुणांवरून लक्षात येतं. क्लार्कने वहीत उतरवलेल्या प्रतीत खूण हुबेहूब येईलच असं नाही, म्हणून शक्य तिथे मूळ कागद पाहा.

स्त्रियांचं माहेर शोधणं जास्त कठीण आहे आणि जास्त महत्त्वाचंही. नवऱ्याच्या कागदांत ते सहसा मिळत नाही. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं मृत्युपत्र वाचा. ‘माझी मुलगी मेरी, अमक्याची बायको’ अशी एक ओळ पुरेशी असते. इथे लग्न हा दिवाणी करार होता आणि वसाहतीच्या पहिल्या काळात ते न्यायाधिकाऱ्यासमोर लागे, तेव्हा लग्न चर्चच्या वहीत शोधत बसू नका. चर्चकडे बाप्तिस्मे आणि सभासदत्वाच्या नोंदी मिळतील.

६. मूळपुरुषापर्यंत पोचल्यावर

आता आधी काय संशोधन झालं आहे ते पाहा. न्यू इंग्लंड वंशेतिहास संस्थेने १९८८ मध्ये ‘ग्रेट मायग्रेशन’ अभ्यासप्रकल्प सुरू केला. १६३५ पर्यंत आलेल्या प्रत्येक कुटुंबाबद्दल कागदोपत्री काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे त्यात मांडलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या जाडजूड घराण्याच्या इतिहासांपेक्षा याच्यावर विसंबा. तुमचा माणूस त्यानंतर आला असेल, तर संस्थेच्या १८४७ पासून निघणाऱ्या नियतकालिकात आडनावाने शोध घ्या.

मग मूळ कागद. १६३१ पासून मॅसॅच्युसेट्स बेमध्ये मताधिकार, म्हणजे ‘फ्रीमन’पण, चर्चच्या सभासदालाच मिळे, त्यामुळे फ्रीमनच्या यादीतली तारीख सांगते की माणूस तोवर आलेला होता. न्यायालयातल्या जबानीत साक्षीदाराचं वय लिहीत. एडमंड राइसचं जन्मसाल सुमारे १५९४ मानतात, ते १६५६ मधल्या जबानीत त्याने वय ‘६२ च्या आसपास’ सांगितलं म्हणून. जन्माची नोंद कुणाला सापडलेली नाही.

प्रवाशांच्या याद्यांवर फार आशा ठेवू नका, फार थोड्या उरल्या आहेत. त्यातल्या त्यात १६३५ ची लंडन बंदराची नोंद मोठी आहे. निघणाऱ्याला धर्मगुरूचं आणि न्यायाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागे, आणि ज्यांना ते मिळणं कठीण होतं ते गुपचूप निघत. जहाजाचं नाव कळलं नाही म्हणून संशोधन अपुरं ठरत नाही.

७. समुद्र ओलांडताना

इथे सगळ्यात जास्त सावध राहा. इंग्लंडमधल्या एखाद्या गावात त्याच नावाच्या, त्याच सुमारास जन्मलेल्या मुलाचा बाप्तिस्मा सापडला म्हणजे तोच आपला माणूस, असं होत नाही. तो मुलगा त्याच गावात वाढला आणि तिथेच पुरला गेला असेल, म्हणून आधी त्याच वहीत दफनाची नोंद शोधा.

पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या, वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवायला आणि दरवर्षी बिशपकडे नक्कल पाठवायला सांगितलं. मूळ वही हरवली असेल तर ही नक्कल मागा. बऱ्याच ठिकाणी नक्कल तेवढी शिल्लक असते. अक्षर सेक्रेटरी हँड या त्या काळच्या इंग्रजी वळणाचं आहे. मोडी शिकलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल, सुरुवातीला एक अक्षर लागत नाही आणि सरावाने अख्खी ओळ दिसू लागते. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर याचे धडे फुकट आहेत.

ओळख पटते ती अनेक धागे एकत्र जुळल्यावर. राइसचंच पाहा. १६१८ मध्ये बरी सेंट एडमंड्सला त्याचं थॉमसीन फ्रॉस्टशी लग्न झालं. थोरल्या मुलांचे बाप्तिस्मे सफोकातल्या स्टॅन्स्टेडला झाले, धाकट्यांचे हर्टफर्डशरमधल्या बर्कहॅम्स्टेडला. हाच मुलांचा क्रम पुढे सडबरीच्या घरात दिसतो. एका नावावर हे ठरवता आलं नसतं, सगळं कुटुंब जुळलं म्हणून ठरलं.

शेजाऱ्यांचा माग काढा. लोक धर्मगुरूमागे गटाने येत. मॅसॅच्युसेट्समधलं हिंगम हे नॉर्फकमधल्या हिंगमच्या माणसांनी वसवलं, त्यांचा धर्मगुरू पीटर होबार्ट १६३५ मध्ये आला, आणि डॅनियल कुशिंग या गावच्या क्लार्कने कोण कधी आलं याची यादीच करून ठेवली. तुमच्या माणसाचं गाव कळत नसेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेतमालकांचं इंग्लंडमधलं गाव शोधा.

इंग्लंडमधली मृत्युपत्रं म्हणजे खजिना. मागे राहिलेल्या काकाने ‘न्यू इंग्लंडात असलेल्या माझ्या पुतण्याला’ पाच पौंड ठेवलेले असतात आणि एका वाक्यात दोन्ही किनारे जोडले जातात. कँटरबरीच्या वरिष्ठ धर्मन्यायालयातली १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू इथे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. साध्या शेतकऱ्याचं मात्र स्थानिक न्यायालयाच्या दप्तरात, म्हणजे काउंटीच्या अभिलेखागारात सापडण्याची शक्यता जास्त.

राजघराण्यापर्यंत गेलेली तयार वंशावळ मिळाली, तर थांबा. गुस्ताव अँजू नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन बनावट वंशावळी करून विकल्या. खऱ्या कागदांच्या मध्ये एखादा खोटा घुसडून ही जोडणी केलेली असे. त्या वंशावळी आजही संगणकावर एकाच्या दुसऱ्याने उतरवून घेतल्या जातात. एकच माहिती पन्नास वंशवृक्षांत आहे, म्हणून ती पन्नास पुराव्यांइतकी होत नाही. घराण्याचं मानचिन्ह विकणाऱ्यांनाही पैसे देऊ नका. मानचिन्ह आडनावाला मिळत नाही, ठरावीक व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं.

८. डीएनए चाचणी कुठे उपयोगी

नेहमीची चाचणी चार-पाच पिढ्यांपर्यंत चांगली मदत करते. दहा-बारा पिढ्यांमागच्या माणसासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण त्याच्याकडून आलेला अंश फार थोडा उरतो किंवा उरतच नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय-गुणसूत्राची चाचणी मात्र इथे कामाची. राइसच्या वंशजांच्या संघटनेने वेगवेगळ्या मुलांच्या शाखांतल्या पुरुषांची ही चाचणी करून मूळपुरुषाची वाय-रचना बांधली आहे, आणि राइस आडनावाचा कुणीही तिच्याशी स्वतःची तुलना करू शकतो. तुमच्या आडनावाचा असा प्रकल्प आहे का, ते चाचणी करण्यापूर्वी शोधा. चाचणी ज्याची करायची त्याची परवानगी घ्या, घरातल्या माणसाचीसुद्धा.

९. अभिलेखागाराला पत्र कसं लिहावं

‘माझ्या पूर्वजाची सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलंत तर उत्तर काहीच मिळणार नाही. एका पत्रात एकच मागणी करा: पॅरिशचं नाव, नोंदीचा प्रकार, सालांची मर्यादा. उदाहरणार्थ, ‘स्टॅन्स्टेड पॅरिश, बाप्तिस्मे, १६१८ ते १६२७, राइस आडनावाच्या सर्व नोंदी’. आडनावाची सगळी स्पेलिंगं द्या, राइस हे इंग्रजीत आय घालून जसं लिहितात तसंच वाय घालूनही लिहीत. शुल्क आधी विचारा, आणि छापील सारांश नको, मूळ पानाची प्रतिमा हवी असं स्पष्ट लिहा.

इतकं करूनही मूळपुरुषाचे आईवडील सापडणार नाहीत, अशी शक्यता मोठी आहे. एडमंड राइसचे आजवर सिद्ध झालेले नाहीत, आणि त्याच्यामागे पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासक लागले आहेत. अशा वेळी तक्त्यात ‘आईवडील अज्ञात’ असं लिहा आणि त्याखाली कुठल्या पॅरिशच्या कुठल्या सालांच्या वह्या पाहून झाल्या, त्यातली कुठली पानं फाटलेली किंवा गहाळ होती, हे उतरवा. पुढे जो कुणी हे काम उचलेल, तो तिथून सुरुवात करेल.